साडेआठचा बर्फ

विमान इमारतीवरून गेलं आणि बारा सेकंदांनी ते फोनमध्ये शिरलं. बारा हा आकडा सुचिताने नंतर मोजून काढला. त्या सकाळी तिला एवढंच जाणवलं की काहीतरी दोनदा झालं. ती ओट्यापाशी उभी होती. फोन पाण्याच्या पिंपाला टेकवून ठेवलेला आणि त्यात शौनकचा चेहरा, राखाडी हूडी, मागे राखाडी पडदा, पिवळट दिवा. विमानतळ सुरू होऊन दोन-अडीच महिने झाले होते आणि उलव्यातल्या लोकांना त्या आवाजाची सवय लागत होती. आधी खिडकीची काच थरथरते, मग बोलणं थांबवायचं, आवाज गेला की तुटलेलं वाक्य पुढे चालू करायचं. तिने हाताने 'थांब' अशी खूण केली. काच थरथरली, आवाज डोक्यावरून सरकत लांब गेला, विरला. "हां, बोल," ती म्हणाली. शौनकने तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्याच्या बाजूने तोच आवाज यायला लागला. आधी बारीक, मग भरत गेलेला, मग इतका मोठा की फोन चरचरला. शौनकने एकदाच वर, छताकडे पाहिलं. मग त्याने माईक बंद केला असावा, कारण सगळं एकदम मुकं झालं आणि त्याचे ओठ नुसते हलत राहिले. आवाज परत आला तेव्हा तो हसत होता.

"इकडे पण एअरपोर्ट जवळच आहे ना, आई."

"हो का," ती म्हणाली. खरंच तर होतं. टोरांटोच्या बाजूला एवढा मोठा विमानतळ आहे, तिथेच तर तो साडेतीन वर्षांपूर्वी उतरला होता. तिने गॅस बारीक केला. बाहेर हॉलमध्ये सुभाष बुटाच्या नाड्या बांधत होता. त्या बांधून झाल्या की तो रोजच्यासारखा आत येणार, तिच्या खांद्यावरून फोनमध्ये वाकणार आणि विचारणार, "काय रे, किती आज?" तो आला, वाकला, त्याने विचारलं. "मायनस पंधरा, बाबा. बर्फ पडतोय." "जपून." मग सुभाष द्रोणागिरीला ऑफिसच्या बसने गेला, शौनक म्हणाला, आता झोपतो, इकडे साडेदहा होत आले, आणि पडदा, दिवा, हूडी सगळं एका बोटाने नाहीसं झालं. पिंपाला टेकलेल्या काळ्या काचेत सुचिताला स्वतःचा चेहरा दिसला. त्या चेहऱ्याच्या वरच्या ओठावर घाम होता. फेब्रुवारी संपत आलेला, ओट्यापाशी उभं राहून घाम येणारच. पण शौनकच्याही ओठावर होता. आत्ता होता, आणि आठवून पाहिलं तर परवाही होता.

हीटर असेल, असं तिने ठरवलं आणि डाळीला फोडणी दिली. पण दिवसभर तिच्या मनात ते विमान काही उतरेना.

ऐरोलीच्या जुन्या घरातून शौनक गेला तेव्हा सप्टेंबर होता. दीड वर्षाचा कोर्स होता, सप्लाय चेनचा. कॉलेज संपलं की तिकडचं सरकार विद्यार्थ्यांना काम करायचं परमिट देतं, कोर्स जेवढा तेवढंच परमिट, आणि ते आयुष्यात एकदाच मिळतं. त्या दीड वर्षात नोकरी करून पॉइंट जमवायचे आणि कायमचं राहायला अर्ज करायचा. हे सगळं सुचिताला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. नंतर पाठ झालं. त्या दोघांच्या घरात ती भाषाच झाली होती. वय किती त्याचे पॉइंट, इंग्रजीचे पॉइंट, अनुभवाचे पॉइंट. दर पंधरा दिवसांनी तिकडे यादी लागायची आणि सुभाष सकाळी उठल्याबरोबर आधी ते पाहायचा, मग दात घासायचा. शौनकला परमिट आलं त्या दिवशी सुभाषने ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं होतं, तारखेसकट. तारीख मागच्या सप्टेंबरची होती. ती जवळ आली तसं घरात कोणी तारीख हा शब्द उच्चारेना. मग एका सकाळी शौनकनेच सांगितलं, "टेन्शन नको घेऊ आई, प्रोसेसमध्ये आहे. तोपर्यंत राहता येतं." आणि तो राहिला. रोज साडेआठला दिसत राहिला. त्याच्या रूमवर तेव्हा भावेश नावाचा सुरतचा मुलगा असायचा, मध्येच फोनमध्ये डोकावून "नमस्ते आंटी" म्हणायचा. दिवाळीनंतर भावेश दिसेनासा झाला. शौनक म्हणाला, मी वेगळी रूम घेतली.

दुसऱ्या दिवशी विमान साडेआठच्या जरा आधीच गेलं. तिसऱ्या दिवशी मात्र बरोबर सापडलं. या वेळी सुचिता बोलतच राहिली, काहीबाही, शेजारच्या मंजुषाच्या मुलीच्या साखरपुड्याचं, आणि मनात आकडे मोजत राहिली. डोक्यावरून गेलं. एक, दोन, तीन. बाराला शौनकच्या खोलीत आलं. त्याने पुन्हा माईक बंद केला. चौथ्या दिवशी बारा. सहाव्या दिवशी तेरा, पण त्या दिवशी ती मोजताना अडखळली होती. यात काही अर्थ नसेलही. जगात सगळीकडे विमानं उडतात. पण ती आता फोन बंद झाल्यावर बाल्कनीत जाऊन उभी राहू लागली आणि समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक तरुण मुलाच्या पाठीकडे पाहू लागली. पाठी सगळ्या सारख्याच असतात हे तिला तेव्हा कळलं. सॅक, मानेवरचे केस, किंचित पुढे झुकलेली चाल. बाजारात मासळीच्या पाट्यांमधून जाताना मागे कोणीतरी उभं आहे असं वाटून ती दोनदा वळली. मागे कोणीच नव्हतं, म्हणजे पुष्कळ लोक होते, पण त्यातला कोणी तिचा नव्हता.

आणि तो फराळ. दिवाळीत तिने कुरिअरने डबा पाठवला होता, चिवडा, शंकरपाळी, वर एक साधी पणती कापसात गुंडाळून. पोचल्याचा मेसेज आला होता, सही केल्याची नोंद होती. "चिवडा मस्त झाला होता, आई," तो म्हणाला होता. आता ती विचार करायला लागली की सही कोणाची होती. बर्फात एक घर, त्याला पायऱ्या, पायऱ्यांवर तिचा डबा. दार उघडून तो डबा आत घेणारा एक शौनक. तो तिथे असणारच, कारण रोज तो तिला तिथे दिसत होता, डिग्री सांगत होता, खोकत होता. आणि मग इथे, तिच्या डोक्यावरचं विमान बारा सेकंदांत ज्याच्या डोक्यावर पोचतं, तो दुसरा कोण? दोघांपैकी एक खोटा असेल तर तो कोणता, हे काही केल्या तिचं ठरेना. तिला दोघंही हवे होते. एकाला खोटं ठरवायचं म्हणजे एकाला मारून टाकण्यासारखं होतं. ती पोळ्या लाटताना थांबायची आणि लाटणं हातात धरून तशीच उभी राहायची.

शौनक पहिलीत होता तेव्हाची एक दुपार तिला या दिवसांत सारखी आठवे. तो शाळेतून आला तो दप्तर पुढे धरून. खाकी चड्डी ओली. "पाणी सांडलं," तो दारातच म्हणाला, तिने काही विचारायच्या आत. बाटली तर दप्तरात भरलेली होती, तिला दिसत होती. ओठ थरथरत होते पण आवाज अगदी स्वच्छ, पाठ केलेला. सकाळी दुसऱ्या तासापासून तो तसाच ओला बसून राहिला होता हे तिला बाईंकडून नंतर कळलं. पण त्या क्षणी ती म्हणाली होती, "अरे, सांडतं पाणी. चल, बदलू." त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं त्याला ती इतकी वर्षं सुटका समजत आली होती. आता, ओट्यापाशी, तिला वाटलं की ती सुटका नसावी. आई फसते, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं असेल.

शेवटी सगळं एका टेम्पोने उघडं केलं. सोफा दुरुस्त करणाऱ्याचा टेम्पो, वर भोंगा, त्यात रेकॉर्ड केलेला आवाज: "सोफा रिपेअर, खुर्ची रिपेअर, गादी, कुशन, जुन्याचं नवीन करून मिळेल." तो आठच्या सुमाराला त्यांच्या गल्लीत यायचा, दोन फेऱ्या मारून जायचा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, एका मंगळवारी, शौनक काहीतरी सांगत असताना त्याच्या मागे, पडद्यापलीकडे, तो आवाज आला. पुसट होता. "जुन्याचं नवीन." शौनक एकदम मोठ्याने बोलायला लागला. सुचिता त्याच्याकडे पाहत राहिली. तिला भीती वाटली नाही याचं तिला आश्चर्य वाटलं. सुभाष वाकला, म्हणाला, "काय रे, किती आज?" "मायनस चार. आता कमी होतेय थंडी." "जपून."

बुधवारी तिने खाली जाऊन टेम्पो थांबवला. "खुर्ची आहे एक, पण आज नको," ती म्हणाली. "इथून तुम्ही कुठे जाता?" टेम्पोवाल्याने तिच्याकडे पाहिलं. "मॅडम, इथून डायरेक साडेआठला वहाळ गावात. तिथं अर्धा तास. मग बाकीचे सेक्टर. का?" "काही नाही," ती म्हणाली. "असंच."

वहाळ गाव चालत पंचवीस मिनिटांवर होतं. ती पावणेअकराला निघाली, साधी कॉटनची साडी नेसून, हातात भाजीची पिशवी घेऊन. सेक्टरचे रुंद रस्ते संपले आणि एकदम गाव सुरू झालं. घरांवर घरं चढवलेली, प्रत्येक मजल्यावर भाड्याच्या खोल्यांची रांग, ओटीवर जाळी विणत बसलेला म्हातारा, वाळत घातलेले मासे. एअरपोर्टच्या कामावरची आणि गोदामांतली मुलं इथे राहतात हे तिला ऐकून माहीत होतं. ती दोन-तीन दारांत थांबली आणि विचारलं, "भाड्याने खोली मिळेल का? एका मुलासाठी." कोणी नाही म्हणालं, कोणी पुढे पाठवलं. एका पिवळ्या घराच्या जिन्यापाशी हातात मासळीचं टोपलं घेतलेली बाई उभी होती. पन्नाशीची, कपाळावर मोठं कुंकू. चंदा म्हणून तिचं नाव, आगऱ्यांचं घर.

"रूम हाय, पन पंधरा दिवसांनी खाली व्हनार," चंदा म्हणाली. "वरची बगायची तर बगा, तशीच हाय ती. येकच पोरगा रातो तिथं, आता कामाला गेलाय, द्रोनागिरीला. चावी माज्याकडं असते, पान्याच्या मोटारीसाठी." जिना चढताना ती बोलत होती. "पोरगा गरीब हाय. दिवालीच्या अंगाला आला. काय तरास नाय. पन ताई, डोस्क्यात काय तरी हाय त्याच्या. सकाली साडेआठला दार लावून घेतो, पंखा बंद करतो, आनि मोट्यानं फोनवर बोलतो. बर्फ पडतंय, बर्फ पडतंय. मी आयकलंय ना कानानं. हितं आमी घामानं मरतो, आनि याचा बर्फ पडतंय." ती हसली, मग हसणं थांबवून म्हणाली, "आयबाप नसतील त्याला."

चंदाने दार उघडलं आणि आत अंधार होता. बाहेर साडेअकराचं ऊन, आत अंधार. खिडकीला काळा कागद चिकटवलेला. चंदाने दिवा लावला, तो पिवळा होता. भिंतीवर दोन खिळ्यांना राखाडी चादर ताणून बांधलेली. बाकी तीन भिंती सुचिताने कधीच पाहिल्या नव्हत्या. एका भिंतीला स्टोव्ह आणि दोन भांडी. दुसरीला जाड जॅकेट, दोरीवर. तिसरीवर एक घड्याळ, साधं, पांढरं. त्यात एक वाजला होता. बंद पडलंय असं तिला वाटलं, पण सेकंदकाटा चालत होता. ती पाहत राहिली आणि मग तिला कळलं की ते चुकलेलं नाही. ते तिकडे लावलेलं होतं. तिकडे आता रात्रीचा एक वाजला होता आणि शौनक झोपला होता.

खाली कोणीतरी चंदाला हाक मारली. "बगा तुमी, मी आली," म्हणून ती गेली. सुचिता खाटेवर बसली. उशीशेजारी प्लॅस्टिकचं फोल्डर होतं. ते उघडावं की नाही हा विचार मनात यायच्या आत तिने ते उघडलं. सगळ्यात वर एक पत्र, इंग्रजी. ती एकेक शब्दावर बोट ठेवून वाचत गेली. कॉलेजनंतरचं परमिट दुसऱ्यांदा देता येत नाही. मुदत संपली आहे. देश सोडावा. खाली सही कोणाचीच नव्हती, नुसता एक नंबर. पत्राला चार घड्या पडल्या होत्या, फार वेळा उघडून मिटलेलं. ती खाटेवर सरकत सरकत चादरीसमोर आली, जिथे तो बसत असणार तिथे, आणि समोर पाहिलं. समोर फोन टेकवायला एक वीट ठेवलेली होती. या विटेकडे पाहून तो रोज हसत होता. याच विटेच्या जागी ती होती, आणि तिच्या खांद्यावर सुभाष. तिला आपण त्या विटेच्या आतून स्वतःकडे पाहत आहोत असं झालं आणि ती घाईने उठली. खिडकीशी जाऊन तिने कागदाचा कोपरा सोडवला. खिडकीची कडी तुटलेली होती, सुतळीने बांधलेली. फटीतून ऊन आलं, पलीकडे सेक्टरच्या इमारती दिसल्या, पाच-पन्नास, एकसारख्या. त्यात आपली कुठली हे तिला ओळखता येईना.

चंदा वर आली तेव्हा ती दारात उभी होती. "नको," ती म्हणाली. "जरा अंधारी आहे." चंदाने कागद निघालेला पाहिला आणि कुलूप लावलं.

त्याला घेऊनच जायचं असं ठरवून ती गेली होती, आणि रिकामी परत आली. तो कामावरून येईपर्यंत ती जिन्यावर बसू शकली असती. दुसऱ्या दिवशी साडेआठला फोन आला. तोच पडदा, तीच हूडी; पण आता तिला उरलेल्या तीन भिंतीही दिसत होत्या, घड्याळ, जॅकेट, स्टोव्ह, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये घाम पुसत बसलेला तो. तिच्याने बोलवेना. "बरं नाही का?" शौनकने विचारलं. "घसा," ती म्हणाली. सुभाष आला, वाकला. "काय रे, किती आज?" "मायनस दोन." "जपून."

फोन बंद झाला. सुभाष तिथेच उभा राहिला. बस चुकेल, असं ती म्हणणार होती, पण त्याने खुर्ची ओढली आणि बसला.

"काल वहाळला गेली होतीस," तो म्हणाला.

ती वळली नाही.

"आपल्या खालच्या मजल्यावरच्या वैष्णवीने पाहिलं. मला लिफ्टमध्ये म्हणाली, काकू गावात काय करत होत्या." तो हळूच बोलत होता. "भेटला?"

सुचिताला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग ती वळली. "तुम्हाला माहीत आहे?"

"नोव्हेंबरपासून. आमच्या बाजूच्या गोदामाच्या गेटवर लायनीत उभा होता, पास घ्यायला. मी बसमध्ये होतो. दाढी वाढलेली, पण मान त्याचीच. बस पुढे गेली." सुभाष टेबलावरची पाण्याची गोल खूण बोटाने पुसत होता. "घरी येऊन तुला सांगणार होतो. तर तू म्हणालीस, शौनकला तिकडच्या थंडीने सर्दी झालीय. काढा पाठवता येईल का विचारत होतीस. मग मी काय बोलणार होतो?"

"आणि रोज बर्फ विचारत राहिलात?"

"नसता विचारला तर त्याला कळलं असतं ना, मला माहीत आहे ते." त्याने खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. "मी रोज सकाळी तिकडची डिग्री बघून ठेवतो. तो बरोबर सांगतो, सुचिता. एका डिग्रीचा फरक नसतो. तोही बघत असणार, आपल्या आधी."

तिला वाटलं हा माणूसही फोनमधला आहे. चार महिने एकाच ताटात, एकाच पलंगावर, आणि तो रोज सकाळी ठरलेले चार शब्द बोलायला आत यायचा. या घरात दर सकाळी साडेआठला तीन माणसं एकमेकांना काहीतरी दाखवत होती आणि चौथा, ज्याच्यासाठी हे सगळं, तो बर्फातला मुलगा, त्याला त्यातलं काहीच कळत नव्हतं. तिला रडू आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मी उद्या बोलणार आहे."

"नको," सुभाष म्हणाला. "तो सांगेल तेव्हा सांगेल." मग खुर्चीवरून उठत, "काय बोलशील?"

शुक्रवारी साडेआठला फोन आला. शौनक म्हणाला, आज जरा ऊन पडलं होतं, लोक टी-शर्टवर फिरत होते. त्याने हे इतक्या आनंदाने सांगितलं की तिला ते लोक दिसले. ती म्हणाली, "शौनक, त्या खिडकीची कडी तुटलीय. सुतळीवर किती दिवस ठेवणार? चंदाबाईंना सांगून बसवून घे."

तो हलला नाही. नेटवर्क अडकल्यावर दिसतो तसा चेहरा, पण अडकलेलं नव्हतं, पापणी हलली. घामाचा एक थेंब कानाजवळून खाली आला, हनुवटीवर थांबला. सुभाष दारात उभा होता, आत आला नव्हता. "बाबा आहेत तिथे?" शौनकने विचारलं. आवाज पहिलीतला होता. ती "हो" म्हणाली, आणि फोन बंद झाला.

शनिवारी फोन आला नाही. रविवारी नाही. तिने लावला तर बंद. मेसेजला एकच टिक. सोमवारी ती वहाळला गेली, तर जिन्याखालीच चंदा म्हणाली, "रूम खाली केली त्यानं, शुक्कुरवारीच. दोन पिशव्या घेतल्या नि गेला. जेवला पन नाय." मग तिने सुचिताकडे नीट पाहिलं. "तुमी कोन त्याच्या?"

"आई."

चंदाने कमरेवरचा हात काढला. "मंग त्या दिवशी का नाय सांगलं, ताई?"

चंदाने तिला ओटीवर बसवलं, पाणी दिलं, जाळीवाल्या म्हाताऱ्याला म्हणाली, "आय हाय ती त्याची," आणि म्हाताऱ्याने जाळी विणणं थांबवलं. सुभाष गोदामाच्या गेटवर जाऊन विचारून आला. शुक्रवारपासून शौनक कामावरही नव्हता. आता साडेआठ वाजता दोघंही ओट्यापाशी येऊन उभी राहत आणि पिंपाला टेकलेल्या काळ्या फोनकडे पाहत. पेपरात खाडीत कोणी सापडल्याची एखादी छोटी बातमी असली की सुभाष ते पान घडी घालून आत ठेवी. मंगळवारी तिच्या मनात आलं की आपण कडीचं बोललो नसतो तर आज सकाळी तिकडे किती डिग्री आहे हे आपल्याला माहीत असतं. ती हे मोठ्याने म्हणाली. सुभाष म्हणाला, "शून्य." मग म्हणाला, "सवयीने बघितलं."

बुधवारी दुपारी इंटरकॉम वाजला. सुभाष रजा घेऊन घरीच होता, टेबलापाशी बसलेला. तिने रिसीव्हर उचलला.

"मॅडम, कोणी शौनक म्हणून आलेत. सहाशे चारला जायचंय म्हणतात. पाठवू का?"

"शौनक आलाय," ती सुभाषला म्हणाली. सुभाषने तिच्या हातातून रिसीव्हर घेतला. "पाठवा."

"रजिस्टरला काय लिहू सर? गेस्ट?"

"घरचा आहे."

"घरचे मला माहीत आहेत ना सर. तुमी दोघंच." वॉचमन अदबीनेच बोलत होता.

"पाठवा हो तुम्ही," सुभाष म्हणाला.

लिफ्ट थांबल्याचा आवाज आला, पण बेल बराच वेळ वाजली नाही. ती दाराआड उभी होती, तो दारापलीकडे. मग तिनेच दार उघडलं. साडेतीन वर्षं तिने नुसता चेहरा पाहिला होता. आता खाली अंग होतं, हात होते, धुळीने भरलेल्या चपलांमध्ये पाय होते. तो तिला वाटत होता त्यापेक्षा बुटका होता. दोन्ही हातांत पिशव्या. गेले पाच दिवस तो पनवेलला बस स्टँडच्या मागे एका लॉजमध्ये होता, हे नंतर, फार नंतर कळलं. त्याने पिशव्या उंबऱ्याच्या आत ठेवल्या, तिच्याकडे पाहिलं नाही, सुभाषकडेही नाही. हे घर त्याने कधी पाहिलं नव्हतं. तो गेल्यावर ते ऐरोलीहून इथे आले होते.

"बाथरूम कुठंय?" त्याने विचारलं.

तिने बोटाने दाखवलं. आतून कडी लागली आणि पाणी सुरू झालं. पाणी खूप वेळ चालू राहिलं. पाण्याखाली दुसरा काही आवाज आहे का हे दोघंही ऐकत होती आणि ऐकत नसल्यासारखं करत होती. सुभाषने कपाटातून स्वतःचा धुतलेला सदरा-पायजमा काढून बाथरूमच्या मुठीला अडकवला. तिने भात टाकला, आमटी गरम केली, आणि मग त्याला आता तिखट चालतं की नाही हे आपल्याला माहीत नाही असं लक्षात येऊन चमचा तसाच धरून राहिली. आमटीला उकळी आली. तिने तीन ताटं घेतली, टेबलावर मांडली, आणि सुभाषची नजर चुकवण्यासाठी आपल्या रोजच्या जागेवर बसली. सुभाष त्याच्या जागेवर बसला. तिसऱ्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे होते, चौथीवर रद्दी; ते हलवायला हवेत हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

पाणी थांबलं. शौनक बाहेर आला. बापाचा सदरा त्याला खांद्यांत ढगळ होता, केसांतून पाणी निथळत होतं. तो टेबलापाशी येऊन उभा राहिला, एका खुर्चीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं.

"मी कुठे बसू?"

दोघंही एकदम आपापल्या खुर्चीवरून उठली.